मुदत गेलेले कर्ज

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातून वर आलेल्या एका लहानशा खटल्याचा निकाल दिला. प्रकरण तसे नेहमीचेच होते. एकाने दुसऱ्याला काही वर्षांपूर्वी पैसे दिले होते, त्याच्या फेडीसाठी धनादेश लिहून मिळाला आणि तो बँकेत वटला नाही. न वटलेल्या धनादेशाबद्दल फौजदारी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कायद्याची एक अट अशी की, ज्या देण्यासाठी धनादेश दिला ते देणे कायद्याने वसूल करता येण्याजोगे असले पाहिजे. धनादेश लिहिणाऱ्याने याच अटीवर बोट ठेवले. कर्जाला चार वर्षे होऊन गेली, दाव्याची मुदत तीन वर्षांची, तेव्हा हे कर्ज वसूल करता येण्याजोगे राहिलेलेच नाही, असा त्याचा बचाव होता. सत्र न्यायालयाने तो मान्य केला, बंगळूरच्या उच्च न्यायालयानेही केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र प्रकरण असे उंबरठ्यावरूनच परत पाठविणे चूक ठरविले. ऋणकोने मधल्या काळात कर्ज मान्य केले होते की काय, मुदत संपल्यावर ते फेडण्याचे नवे लेखी वचन दिले होते की काय, हे पुरावा पाहून ठरविले पाहिजे असे सांगितले.

या निकालाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. कर्ज म्हातारे होते काय? होत असेल तर ते मरते केव्हा, आणि मेल्यावर त्याचे काय उरते? आपल्या भाषेला विचाराल तर ती म्हणेल की कर्ज मरतच नाही. एखादे माणूस विनाकारण आपल्याकडून काही नेऊ लागले की आपण ‘मागच्या जन्मीचे देणे’ म्हणतो. पण व्यवहार पाहणाऱ्या शास्त्रकारांनी आणि न्यायाधीशांनी या चिरंजीव कर्जाला कुठे तरी वेसण घातली पाहिजे हे फार पूर्वी ओळखले होते.

आपल्या धर्मशास्त्राने ही वेसण काळाला घातली नाही, रकमेला घातली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकाच वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा दंडक आहे. हेच आपले दामदुपट. याज्ञवल्क्याने आणखी बारकावा केला: सोने दुपटीपर्यंत, धान्य तिपटीपर्यंत, वस्त्र चौपटीपर्यंत. कर्ज दहा वर्षे राहो की पन्नास, शंभराचे दोनशेच. सावकाराला वाट पाहण्याचा लाभ उरत नसे, म्हणून तो वेळेवर मागे, आणि ऋणकोच्या डोक्यावरचा बोजा कुठवर चढेल हे त्याला पहिल्याच दिवशी कळे. मात्र याच अध्यायात, ज्याला कर्ज फेडणे शक्य नाही त्याने व्याज चुकते करून खत नवे करून द्यावे, आणि व्याजही देता येत नसेल तर ते नव्या खतात घालावे, अशीही सोय आहे. ही सोय बारकाईने लक्षात ठेवावी. दोन हजार वर्षांनी दख्खनच्या कुणब्याची मान तिच्यातच अडकली.

बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा नियम सर्वश्रुत आहे. त्यालाही मर्यादा होत्या. मुलाने व्याजासह द्यावे, नातवाने केवळ मुद्दल द्यावे, पणतूने वारसा घेतला असेल तरच द्यावे. शिवाय जुगाराचे, दारूचे, बाहेरख्यालीचे कर्ज मुलावर लादता येत नसे. १८६६ साली मुंबई इलाख्याने कायदा करून मुलाची जबाबदारी बापाकडून आलेल्या मालमत्तेपुरती आणली, आणि पुत्राच्या या ‘पवित्र’ बंधनावर सावकाराने उभे राहण्याची वाट २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, पुढील कर्जांपुरती, बंद केली. म्हणजे हे बंधन सैल व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

पेशवाईत वसुली कशी होत असे याचे वर्णन माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे. त्याने ‘तकाजा’ हा आपलाच शब्द इंग्रजी लेखनात तसाच ठेवला. सरकारी न्यायालय म्हणून काही आज आहे तसे नव्हते. धनकोनेच ऋणकोच्या मागे लागावयाचे. आरंभ साध्या मागणीने होई. मग दारात माणूस बसविला जाई, ऋणकोला जेवू दिले जात नसे, आणि गोष्ट फारच हातघाईवर आली तर त्याला उन्हात डोक्यावर दगड देऊन एका पायावर उभे करीत. धरणे धरणारा स्वतःही उपाशी राही, हा त्यातला विलक्षण भाग. दोघांपैकी कोण अधिक टिकतो यावर निवाडा होई. या पद्धतीत कर्ज जुने झाले की नवे आहे याला फारसे महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते धनकोच्या बळाला आणि ऋणकोच्या अब्रूला. तरीही गावात पंच होते, कुलकर्णी होता, आणि सावकारालाही त्याच गावात राहावयाचे होते. एकमेकांचे तोंड रोज पाहावे लागते तेव्हा अतिरेकाला आपोआप आवर बसतो.

इंग्रजी राज्याने तकाजा बंद करून न्यायालय आणले. १८६० च्या दंडसंहितेत देवाच्या कोपाचा धाक घालून कुणाला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरला, आणि उदाहरण म्हणून तिने धरण्याचेच नाव घेतले. ही सुधारणा होती यात शंका नाही. पण तिच्या जोडीला दोन कायदे आले, आणि ते करणारांच्या मनात बहुधा कुणाचेही वाईट करावयाचे नव्हते. १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील जुनी बंधने उठविली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या कर्जरोख्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. त्यापूर्वी सावकाराला याहून पुष्कळ अधिक काळ मिळत असे.

मुदतीमागचा विचार रास्तच होता. इंग्लंडात १६२३ पासून साध्या कराराच्या दाव्यांना सहा वर्षांची मर्यादा होती. कागद हरवतात, साक्षीदार मरतात, पावत्या उंदीर खातात. वीस वर्षांपूर्वी आपण पैसे फेडले हे गरीब माणसाने सिद्ध करावे कसे? म्हणून धनकोने वेळेत यावे, नाही तर न्यायालयाचे दार बंद. ऋणकोच्या रक्षणासाठी याहून सरळ उपाय सुचणार नाही. आणि तरीही पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत या उपायाने ऋणकोलाच बुडविले.

ते कसे झाले हे आकड्यांनी पाहू. समजा, एका कुणब्याने सालीना पंचवीस टक्के व्याजाने शंभर रुपये घेतले. रोखा तसाच राहिला असता तर चार वर्षांत व्याज मुद्दलाइतके होऊन दामदुपटीने तेथेच थांबले असते. नऊ वर्षे गेली तरी देणे दोनशे. पण आता तीन वर्षांनी रोखा निकामी होणार, म्हणून सावकार तिसऱ्या वर्षअखेर कुणब्याला बोलावतो आणि म्हणतो, ‘खत नवे करून दे, नाही तर उद्या दावा लावतो.’ नव्या खतात मुद्दल पडते एकशे पंचाहत्तर. आणखी तीन वर्षांनी तेच तीनशे सहा. नवव्या वर्षी पाचशे छत्तीस. आणि प्रत्येक खतात तीन वर्षांचे व्याज मुद्दलाच्या पाऊणपटच असल्याने दामदुपटीचा नियम एकदाही मोडला गेला नाही! मुंबईच्या न्यायालयांनी दामदुपट जिवंत ठेवले होते, मुदतीचा कायदा होता, दोन्ही ढाली ऋणकोच्या हातात होत्या. एकीने दुसरी निकामी केली. अंगठा उमटविणाऱ्याला यातले काही वाचता येत नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

त्यात अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, आणि सरकारने जमिनीचा सारा मात्र वाढविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना लागले. या दंग्याची खूण अशी की, जमावाला हवे होते ते मुख्यतः कागद. ज्या सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली त्याच्या वाटेला लोक सहसा गेले नाहीत. खतांच्या होळ्या मात्र पेटल्या. निरक्षर माणसांना दस्तऐवजाची शक्ती किती अचूक कळली होती पाहा. कागद जळाला की कर्ज जळाले, ही त्यांची समजूत अडाणीपणाची नव्हती, ती न्यायालयाच्याच रीतीवरून त्यांनी काढलेली होती. न्यायालय कागदापलीकडे पाहत नव्हते, म्हणून त्यांनी कागद जाळला.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. माझ्या मते एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात झालेल्या कायद्यांत याच्याइतका धीट कायदा क्वचित सापडेल. कारण त्याने न्यायाधीशाला सांगितले: शेतकऱ्यावरचा दावा आला की शेवटच्या खतावर विसंबू नका. व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तेथवर मागे जा, खरोखर हातात किती रुपये पडले ते पाहा, मधल्या खतांत मुद्दलात मिसळलेले व्याज वेगळे काढा, चक्रवाढ धरू नका, आणि व्याजाची बाकी मुद्दलाहून अधिक देऊ नका. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात घालणे बंद झाले. दाव्याची मुदतही वाढविण्यात आली: साध्या खताला सहा वर्षे, नोंदलेल्या खताला बारा, म्हणजे दर तीन वर्षांनी नवे खत करून घेण्याचे निमित्तच उरू नये. ऋणकोच्या हितासाठी मुदत लांबविली! वीस वर्षांपूर्वी ऋणकोच्याच हितासाठी ती आखूड केली होती.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून खालच्या न्यायालयांचे दप्तर तपासले. अर्थशास्त्रावरच्या त्यांच्या लेखनाचा गौरव होतो, पण या खेडोपाडीच्या हिंडण्याची आठवण कमी काढली जाते. सावकारही स्वस्थ बसला नव्हता. कर्जखत लिहून घेतले तर न्यायाधीश त्याच्या मुळाशी जातो हे कळल्यावर त्याने कर्जखत लिहिणे सोडले आणि जमिनीचे थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला; पैसे फेडलेस तर जमीन परत देईन हे वचन तेवढे तोंडी. तोंडी वचनाचा पुरावा घेता यावा म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कायदा आणि सावकार यांची ही शिवाशिवी पुढेही चालूच राहिली.

या दख्खनी कायद्याचे वळण म्हैसूर संस्थानातही पोचले. १९२८ मध्ये म्हैसूरने शेतकऱ्यांच्या साहाय्याचा आपला कायदा केला. बंगळूरची स्थिती तर त्या काळी मौजेची होती. जुनी पेठ संस्थानाची आणि तिला लागून असलेली लष्करी छावणी इंग्रज रेसिडेंटच्या कारभारातली. १८८१ मध्ये संस्थान महाराजांकडे परत गेले तेव्हापासून १९४७ पर्यंत एकाच शहरातल्या दोन वस्त्यांवर दोन सत्तांचे कायदे चालत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, उत्तर कानडा हे मुंबईच्या कायद्यांखाली वाढलेले जिल्हे बंगळूरच्या विधानसौधाकडे पाहू लागले. बेळगावच्या मराठी कुळाला ओळखीचा असलेला मुंबईचा सावकारी कायदा, हैदराबादी जिल्ह्यांतला निजामी कायदा आणि जुन्या म्हैसूरचा कायदा, हे सारे एका राज्यात नांदणे अशक्य होते. १९६१ मध्ये सावकारांचा एक आणि गहाण ठेवून पैसे देणाऱ्यांचा एक असे दोन नवे कायदे बंगळूरला झाले. परवान्यावाचून सावकारी करणाराला न्यायालयाचे दार मोकळे राहू नये, हा विचार अशा कायद्यांच्या मुळाशी आहे. येथे कर्ज जुने म्हणून अडत नाही. देणाराच्या हातात परवाना नाही म्हणून अडते.

१९७५ नंतर मात्र कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. आणीबाणीतील वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीन मजूर, लहान शेतकरी आणि कारागीर यांच्या कर्जांचे कलम होते. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९७६ मध्ये कर्जमुक्तीचे कायदे केले. अशा ऋणकोचे सावकारी कर्ज मुदतीत असो वा नसो, ते संपले. गहाण टाकलेली वस्तूही परत द्यावयाची. सोन्यावर पैसे देणाऱ्या महाराष्ट्रातील सावकारांनी या कायद्याला आव्हान दिले. आमचा पैसा म्हणजे मालमत्ता नव्हे काय, आणि आमचा धंदा म्हणजे व्यापार नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता. तो पोकळ म्हणता येणार नाही. कुणाच्या तरी बचतीवरच कुणाचे तरी कर्ज उभे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७७ मध्ये कायदा वैध ठरविला, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात गरिबांच्या ऋणग्रस्ततेचे चित्र आहे. २०१९ च्या जुलैमध्ये कर्नाटकात असाच कायदा पुन्हा अमलात आला, तोही सरकार कोसळता कोसळता. दोन हेक्टरांपर्यंतचे शेतकरी, भूमिहीन मजूर आणि वार्षिक एक लाख वीस हजारांच्या आतले दुर्बळ घटक यांच्यापुरता. अशा प्रत्येक माफीनंतर एक गोष्ट न चुकता घडते: परवानाधारक सावकार हात आखडतो, आणि गरजू माणूस ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या दाराशी जातो.

२०२५ च्या आरंभी कर्नाटकात सूक्ष्म कर्जांच्या वसुलीवरून मोठी ओरड झाली. कर्जदारांच्या घरांवर जाऊन धमकावणे, दारांना कुलपे ठोकणे असे प्रकार वर्तमानपत्रांत रोज येत होते. सरकारने काढलेला वटहुकूम राज्यपालांनी पहिल्या वेळी परत पाठविला. मग १२ फेब्रुवारीस त्यावर सही झाली आणि मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. नोंदणी वा परवाना नसलेल्याने दुर्बळ घटकांना दिलेले कर्ज व्याजासह फिटले असे समजावे, आणि जबरदस्तीने वसुली करणाराला दहा वर्षांपर्यंतची कैद व्हावी, अशी त्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने तर २०२२ च्या ऑगस्टमध्येच, वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये असा आदेश दिला होता. एल्फिन्स्टनच्या तकाज्यात दारात बसलेला माणूस रात्री निदान स्वतःही झोपत असेल. आता त्याची जागा यंत्राने घेतली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुदत संपली म्हणजे नेमके काय संपते? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये बाँबे डाइंग कंपनीच्या प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. कामगारांनी न उचललेल्या पगाराची रक्कम कायद्याने कल्याण निधीकडे वळविली होती, आणि मुदत गेल्यावर हे देणे देणेच राहत नाही असा वाद होता. न्यायालय म्हणाले की मुदतीने इलाज जातो, हक्क जात नाही. कर्ज असते, पण त्यावर दावा चालत नाही. आणि आपल्या १९६३ च्या कायद्यात न्यायाधीशानेच मुदत पाहावयाची आहे; प्रतिवादीने ती उपस्थित केली नाही, तो हजरही झाला नाही, तरी मुदतबाह्य दावा काढून टाकावा असे तिसरे कलम सांगते. इंग्लंडात प्रतिवादीने हा मुद्दा न मांडल्यास न्यायालय आपणहून मांडत नाही. आपल्याकडच्या दुबळ्या प्रतिवादीच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे! १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याच तत्त्वाला जोर दिला: ज्या कर्जावर दावा चालला नसता ते महसुली थकबाकी म्हणून, तहसीलदाराच्या जप्तीच्या मार्गानेही वसूल करता येत नाही.

पण हक्क शिल्लक राहतो, म्हणून त्याच्या काही फांद्या हिरव्या राहतात. गहाण ठेवलेला दागिना कर्ज मुदतबाह्य झाले म्हणून सावकाराला तसाच परत करावा लागत नाही. ऋणकोने कोणत्या कर्जासाठी पैसे देतो हे न सांगता रक्कम भरली, तर धनको ती मुदत गेलेल्या कर्जाकडेही वळती करू शकतो. १८७२ च्या करार कायद्याचे साठावे कलम तसे म्हणते. तीन वर्षे संपण्याच्या आत ऋणकोने सहीनिशी कर्ज मान्य केले, किंवा थोडी रक्कम भरली आणि तिची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी असली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. तीन वर्षे उलटून गेल्यावर मात्र नुसती मान्यता वा नुसता भरणा पुरत नाही. तेव्हा लागते ते फेडण्याचे स्पष्ट वचन, लेखी, आणि ऋणकोच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीचे. करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने अशा वचनाला मोबदल्यावाचूनही बळ दिले आहे.

म्हणून आज बंगळूरच्या एखाद्या गिरणीतला किंवा कचेरीतला माणूस सात वर्षांपूर्वीच्या पतपत्राच्या देण्याबद्दल वसुलीवाल्याशी बोलत असतो, आणि ‘तडजोड झाली आहे, तेवढी या कागदावर सही करा’ असे त्याला सांगण्यात येते, तेव्हा तो कागद मान्यतेचा आहे की वचनाचा, त्यावर तारीख कोणती घातली आहे, आणि शेवटचा भरणा कधी झाला होता, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. सुप्याच्या माणसांना कागद वाचता येत नव्हता. याला येतो, तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि अक्षर बारीक असते.